पाहुणे गेल्यावर

"हे मीच हाय ना, साहेब?" राहीबाई माझ्या मोबाइलवर वाकल्या.

त्याच होत्या. पाच नंबरच्या खोलीत चुरगळलेली चादर, फरशीवर चिप्सचा चुरा, आणि मांडीवर झाडू घेऊन खुर्चीत बसलेल्या राहीबाई. नागपूरच्या एका पाहुण्याने उघड्या दारातून व्हिडिओ काढून इंटरनेटवर टाकला होता. कालपासून दोन लाख लोकांनी पाहिला. व्हिडिओखाली नुसत्या शिव्या.

हायवेलगतच्या मावला गावातल्या या लॉजचा मी मॅनेजर. पाहुणे इंटरनेटवर जे खरडतात त्याला हात जोडून उत्तर देणं माझंच काम. पाणी गार? क्षमस्व. उशी कडक? क्षमस्व. पण अकरा वर्षांत खोल्या झाडणाऱ्या राहीबाईंची तक्रार कधी आली नव्हती. त्यामुळे मी जास्तच भडकलो.

"काऊन बसल्या होत्या तुमी?"

"पाव्हणे आत्ताच निंगाले होते ना. माणूस वाटंला लागला का मांगं लगेच झाडत नाईत, साहेब. मयत नेल्यावर झाडतेत. अर्दा तास थांबा लागते."

"परत्येक पाव्हण्यासाठी?"

"लेकराबाळाचे असतेत सारे."

अकरा वर्षं ही बाई अनोळखी माणसांच्या वाटेची काळजी करत बसली होती आणि मला पत्ता नव्हता!

मालकांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पाहुणा निघाला की लगेच झाडतानाचा तिचा व्हिडिओ टाक. नाहीतर तिला आजच काढ."

दोन नंबरचं कुटुंब तेव्हाच सामान घेऊन खाली उतरत होतं. मी राहीबाईंना त्या खोलीत नेलं, मोबाइल धरला. "एकडाव झाडा, बाई. नोकरी राहीन."

त्यांनी झाडू टेकवला. खिडकीतून खाली पाहिलं. आई लहानग्या पोरीला गाडीत बसवत होती.

"माह्यानं नाई होत, साहेब."

झाडू माझ्या हातात देऊन त्या जिना उतरल्या. मी थांबा म्हणालो नाही. त्याची अजून लाज वाटते.

तिथेच उभ्या उभ्या मालकांच्या हुकुमाप्रमाणे त्या व्हिडिओखाली लिहिलं : संबंधित कर्मचाऱ्यास कामावरून काढले आहे. क्षमस्व. मिनिटभरात शंभर जणांना ते आवडलं.

"भैया, यही रूम है? ये तो साफ़ भी नहीं हुआ!"

दारात नवा पाहुणा उभा होता. त्याचा मोबाइल खोलीवरून फिरत माझ्यावर येऊन थांबला. खाली रस्त्यावर राहीबाई जैनथ गावाकडे जाणाऱ्या ऑटोत चढत होत्या.

मी झाडू घेऊन खुर्चीत बसलो.

"आधा घंटा लगेगा," म्हणालो.