पोशाच्या परसातला खल

मित्रांनो, मी एक जुना दगडी खल आहे. ठाकुरवाडीत वरच्या अंगाला पोशा ठाकराचं घर आहे, तिथे मी राहतो. एका पाथरवटाने टाकीचे घाव घालून मला घडवलं आणि पोशाने डोक्यावर घेऊन डोंगर चढवला. दगड असलो तरी मला सगळं कळतं बरं का!

पोशा झाडपाल्याचं औषध द्यायचा. हिरडा, बेहडा, कसल्या कसल्या साली माझ्यात कुटायचा. परसात गांजाची दोन झुडपंही होती. बैलाचं पोट फुगलं किंवा कुणाला दुखणं सोसवेना, तर पोशा चार पानं वाटून द्यायचा. ओढायला मात्र त्याने कुणाला काडीही दिली नाही. खालच्या फार्महाउसवरची पोरं मागायला आली, तर त्यांना हाकलून लावलं. तेव्हा माझा काय तोरा होता! पोशाची बायको चिंधी मला राखेने घासल्याशिवाय घरात घेत नसे.

मग पोलीस आले. त्यांनी झुडपं उपटली आणि पोशालाही नेलं. बऱ्याच महिन्यांनी तो परत आला तो खांदे पाडून. आल्या आल्या त्याने मला परसात उपडा घातलं. कोंबड्या अंगावर बसू लागल्या. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

यंदा चिंधीच्या तोंडात गाठ आली. कर्करोग हाताबाहेर गेला होता. ती ओरडायची नाही, नुसती भिंतीला डोकं घासत बसायची. मुलगा विलास मोहोपाड्याला कारखान्यात आहे. त्याने धावपळ करून कर्जतहून तेजश्री नर्सला आणलं. तिने डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या आणल्या. चिंधीला गिळता येईना, म्हणून गोळी कुटून पाण्यातून द्यायची ठरली. तेजश्रीने मला उताणा केलं, स्वच्छ घासलं. पोशाला तिने नीट समजावलं की हे अफूपासूनच होतं, पण औषध म्हणून आता कायद्याने मिळतं, सांगितलेल्या वेळी सांगितलं तेवढंच द्यायचं, कुणी पकडत नाही. पोशाने मान हलवली.

त्या दिवशी चिंधी निजली. उठून तिने पेज मागितली. पोशा रोज आपल्या हाताने गोळी कुटायचा, ती दचकू नये म्हणून बत्ता अगदी हळू फिरवायचा. माझ्या जिवात जीव आला होता.

आणि एके दुपारी, विलास कामावर असताना, खाली रस्त्यावर पोलिसांची जीप थांबली. पोशाचं धाबं दणाणलं. त्याने गोळ्या उचलल्या, परसात खड्डा करून पुरल्या आणि वरून मला उपडा घातलं. जीप कुणाच्या तरी चोरलेल्या मोटारसायकलची चौकशी करून निघूनही गेली. पोशाची भीती काही गेली नाही.

संध्याकाळी चिंधीचं डोकं पुन्हा भिंतीला लागलं.

"गोळी दे," ती म्हणाली.

"नाय गं. पुना नेतील मला."

"नेऊ दे. मला निजू दे."

पोशा तिचं डोकं मांडीवर घेऊन रडला, पण उठला नाही. विलासने येऊन विचारलं, तेव्हा गोळी दिली म्हणाला. चिंधीने नवऱ्याला खोटं पाडलं नाही. विलासला वाटलं, औषधच लागू पडेना. तो तेजश्रीला घेऊन आला, तोवर चिंधी गेली होती.

तेजश्रीने विचारलं, गोळ्या कुठे आहेत? पोशाने मला बाजूला सारलं आणि माती उकरली. विलास त्या खड्ड्याकडे बघतच राहिला. बापाशी तो अजून बोललेला नाही.

आता पोशा मला रोज धुतो आणि उताणा ठेवतो. कुटायला काही नसतं. मित्रांनो, नशेपासून लांबच राहा. पण घरात कुणी दुखण्याने तळमळत असेल आणि औषधाच्या नावाने मोठी माणसं घाबरत असतील, तर गप्प बसू नका. नर्सला गाठा, डॉक्टरांना विचारा. चिंधी भिंतीला डोकं घासत होती आणि तिची झोप माझ्याखाली पुरलेली होती. मला बाजूला सरकता आलं नाही, मला हातपाय नाहीत. तुम्हाला आहेत.