ओठावरची लव

मावशीचं पार्लर म्हणजे तिच्या घराची पुढची खोली. एक फिरती खुर्ची, एक आरसा आणि येणाऱ्या प्रत्येकीशी मनसोक्त गप्पा. महिन्यातून एका रविवारी तिची भाची त्या खुर्चीत बसायची.

भाची पंधरा वर्षांची. घरात तिला सगळे ठकी म्हणत. चार वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हा आईने आपली एक तिला दिली. शरीराने ती परकी समजून झिडकारू नये म्हणून सकाळी आठ आणि संध्याकाळी आठ, अशी दोन वेळा औषधं. त्यातल्या एका उग्र वासाच्या कॅप्सूलने किडनी सांभाळली, पण चेहऱ्यावर केस आणले. ओठावर, गालांवर, कपाळाच्या कडेने. शाळेत कुणीतरी ‘काका’ म्हणून हाक मारली आणि ते नाव चिकटलं.

त्या रविवारी मावशीने दोऱ्याचं टोक दातांत धरलं, दोन-चारदा हात चालवला आणि ती थांबली. दिवा जवळ ओढून तिने ओठावर पाहिलं.

“मागे कधी आली होतीस?”

“पाच आठवडे झाले. परीक्षा होती ना.”

पाच आठवड्यांत तिथे दाट केस असायला हवे होते. होती ती साधी लव, कुठल्याही मुलीला असते तेवढी. मावशी काही डॉक्टर नव्हती, पण कुणाचे केस किती दिवसांत किती वाढतात, हे वीस वर्षांत तिच्या बोटांना पाठ झालं होतं.

“ठके, औषध बंद केलंस?”

ठकी आरशातच बघत राहिली. “सकाळचं घेते. आई समोर उभी असते.”

“आणि संध्याकाळचं?”

आई कारखान्यात दुसऱ्या पाळीला. संध्याकाळी आठला घरात ठकी एकटीच असायची.

“टाकून देते. तीनेक महिने झाले.”

मावशीने दोरा बाजूला ठेवला. आवाज न चढवता ती म्हणाली, “केसांपायी?”

“आधी केसांपायीच. एकदा नाही घेतलं, तर काहीच झालं नाही. मग दुसऱ्या दिवशीही नाही घेतलं. मला छान वाटत होतं, मावशी. आठ वाजता ती कॅप्सूल पाहिली की आठवतं, आपण आजारी आहोत. नाही घेतली की वाटतं, नाही आहोत.”

“आईला सांगायला हवं.”

“तिने स्वतःची किडनी दिलीय. कुठल्या तोंडाने सांगू?”

“याच,” मावशी म्हणाली. “आत्ताच साफ केलंय मी.”

ठकीला हसू आलं आणि त्याच दमात रडूही. मावशीने पुढच्या बाईला उद्या यायला सांगितलं, दार ओढलं आणि दोघी निघाल्या.

आई पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. ठकीने उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. आईने हातातली घडी पूर्ण केली, फोन उचलला आणि हॉस्पिटलच्या किडनी विभागाचा नंबर लावला.

रक्तात औषध फारच कमी निघालं. सुईने किडनीचा कणभर तुकडा काढून तपासला. शरीराने किडनीला झिडकारायला सुरुवात केली होती. ठकीला दाखल करून तीन दिवस शिरेतून इंजेक्शनं द्यावी लागली.

डॉक्टरबाई एका दुपारी एकट्याच येऊन बसल्या. “केसांचा एवढा त्रास होतो, हे आधी का नाही बोललीस?”

“तुम्ही नेहमी आईलाच विचारता, कशी आहे म्हणून.”

बाई म्हणाल्या, “चुकलंच आमचं. औषध बदलू. नव्याने चेहऱ्यावर केस येत नाहीत. कधीकधी डोक्याचे थोडे गळतात.”

“मधलं काही नाही का?” ठकीने विचारलं.

आई मात्र कामापुरतंच बोलत होती. तिसऱ्या दिवशी ठकीची वेणी घालताना ती म्हणाली, “मी रोज समोर उभी राहायचे, ते बोचायचं तुला?”

“हो.”

“मला वाटायचं, मी नसले की तू विसरशील.”

“विसरत नव्हते गं. रोज आठला बरोबर आठवायचं.”

आईचे हात थांबले. मग तिने अर्धी झालेली वेणी सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून घालायला घेतली.

किडनी बरीच सावरली, पूर्ण नाही. जे गेलं ते परत यायचं नाही, हे डॉक्टरबाईंनी ठकीला स्पष्ट सांगितलं. तेव्हापासून तपासणीची पहिली दहा मिनिटं ठकी एकटीच आत असते. गेल्या सहा महिन्यांत दोनदा औषध चुकलं. दोन्ही वेळा कुणी विचारायच्या आत तिनेच सांगितलं. आई बाहेरच्या बाकावर बसते. मधूनच उठते, दारापर्यंत जाते आणि पुन्हा येऊन बसते.