झांज

स्टुडिओत सगळे त्याला 'कानसेन' म्हणायचे, आणि त्यात थट्टा नव्हती. जुन्या रेकॉर्डिंगमधली खरखर काढायची आणि ती पुन्हा बाजारात आणण्याजोगी करायची, हे काम त्याने उभा जन्म केलं. एखादा सूर केसभर घसरला तरी त्याच्या कपाळाला आठी पडायची.

म्हणूनच रेकॉर्ड कंपनीच्या मॅनेजरबाईंनी हे काम त्याच्याकडे सोपवलं. एका तळघरातल्या क्लबात चौघांनी वाजवलेली जॅझची गाजलेली मैफल होती ती, टाळ्या आणि पेल्यांच्या किणकिणाटासकट टिपलेली. मूळ टेप गोदामाच्या आगीत गेली होती. उरल्या होत्या त्या चार आवृत्त्या: पहिली तबकडी, पुढे पुन्हा काढलेली जाड तबकडी, एक सीडी आणि अलीकडे निघालेला तबकड्यांचा महागडा संच. चारही ऐकून नव्या आवृत्तीसाठी कुठली धरायची ते सांगायचं होतं.

कानसेन हरखला. मैफल त्याला तोंडपाठ होती. एका संथ रचनेत सॅक्सोफोन थांबतो आणि ड्रमवाला झांजेवर तारांचा ब्रश फिरवत एकटाच उरतो. ती जागा म्हणजे त्याचा जीव की प्राण.

त्याने पहिली तबकडी लावली. ती जागा आली. कोणीतरी खोकलं, बासची तार घुमली आणि पुढे नुसतं भगदाड. त्याने सुई बदलली, वायरी बदलल्या. जाड तबकडी, सीडी, संच, सगळीकडे तीच गत.

"गाढवांनी झांज छाटून टाकली!" तो कडाडला. "चारही आवृत्त्यांचं वाटोळं!"

शेजारच्या खोलीत त्याची बायको शिवणकाम करत होती. गळ्यात मापाची टेप तशीच ठेवून ती बाहेर आली.

"काय झालं हो?"

"झांजच नाहीये."

"मग ही चुर्र चुर्र वाजतेय ती कोण?"

"आत्ता?"

"आत्ता. हे काय, अजून चालूय... थांबली."

त्याने तीच जागा पुन्हा लावली आणि या वेळी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला.

कानाच्या डॉक्टरांनी तपासणीचा आलेख दाखवला. रेघ निम्म्यावर कड्यावरून पडल्यासारखी खाली गेली होती. "हळूहळू गेलंय, त्यामुळे कळलं नसेल," ते म्हणाले. "यंत्राने बोलणं नीट ऐकू येईल. पण वरचे सूर आता परत यायचे नाहीत."

"कुणाला बोलू नकोस," घरी येताना त्याने बायकोला बजावलं.

दुसऱ्या दिवशी त्याने तिलाच खुर्चीत बसवलं. तिला ते संगीत म्हणजे भांडी पडल्यासारखं वाटायचं, तरी ती बसली. तिच्या भाषेत सांगत गेली. "पहिलीत रेशमावर रेशीम घासल्यासारखं वाटतं. जाडीत तेच, पण पलीकडच्या खोलीतून. सीडीत पत्र्यावरून कात्री ओढतायत. आणि संचात... सगळी इस्त्री फिरवलीय. चुणी म्हणून नाही."

"पुन्हा ऐक."

"अहो, पुरे. माझ्या डोक्यात वाजायला लागलंय आता."

"एकदाच. तुझ्या पाया पडतो."

असं तो कधी बोलला नव्हता. ती घाबरून पुन्हा बसली.

पहिली तबकडी धरावी, असं त्याने कळवलं. मॅनेजरबाईंचा लगेच फोन आला. "अगदी माझ्या मनातलं बोललात! आता शेवटचा हातही तुम्हीच फिरवायचा."

"सांगून टाका त्यांना," बायको कळवळून म्हणाली.

"काय सांगू? कानसेनातला कान गेला, आता नुसता सेन उरलाय म्हणून?" तो हसला. तिला मात्र हसू आलं नाही.

स्टुडिओत एका बाजूला मॅनेजरबाई बसल्या, दुसऱ्या बाजूला मशीनवरचा तंत्रज्ञ. बास, पियानो सगळं कानसेनने झटपट जुळवलं. मग ती जागा आली. त्याने डोळे मिटले आणि वरच्या सुरांचं बटण हळूहळू फिरवू लागला. काहीच नाही. आणखी थोडं. आणखी. आणि एकदम, डासाच्या पंखासारखं, अगदी दूर काहीतरी हललं. आली! त्याने अजून थोडं फिरवलं.

"सुरेख," तो पुटपुटला आणि त्याने डोळे उघडले.

मॅनेजरबाईंनी दोन्ही हातांनी कान गच्च दाबले होते. तंत्रज्ञ तोंड वेडंवाकडं करून टेबलावर वाकला होता. त्याने हात लांबवून बटण खाली केलं.

"कधीपासून?" बाईंनी शेवटी विचारलं. त्याला ऐकू जावं म्हणून त्या मोठ्याने बोलल्या, आणि तेच त्याला जास्त लागलं.

"निवड बायकोने केली," तो म्हणाला. "मी नाही."

"तुम्ही बसा ना इथेच. बाकीचं सांगा."

"बाकीचं कुणीही सांगेल."

काम तंत्रज्ञाकडे गेलं. कानसेन घरी आला. दिवसचे दिवस तो खिडकीशी बसून राहिला. शेवटी तिनेच हट्टाने यंत्र आणवलं. ते कानात घातल्यावर त्याला तिची कात्री ऐकू आली, जिन्यातली पावलं ऐकू आली. त्याने धावत जाऊन तबकडी लावली. त्या जागी खोकला अधिक स्पष्ट आला. झांज नाही.

त्याने यंत्र काढून टेबलावर ठेवलं.

"घाला ना," बायको म्हणाली. "मला तुमच्याशी बोलायचं असतं."

तिच्या ओठांवरून त्याला सगळं कळलं. पण हात काही पुढे होईना.