बाईंनी वाचलेली आई

विद्यापीठातल्या बाईंच्या खोलीत पुस्तकांपेक्षा मानपत्रंच जास्त होती. लोकांच्या रोजनिशा, पत्रं, आठवणी हा त्यांचा विषय. मेलेल्यांचं खासगी उकरायचं आणि जिवंतांपुढे मिरवायचं, त्याला त्या संशोधन म्हणत.

थोरली लेक बाबांना घेऊन समोर बसली होती. टेबलावर तिच्या गेलेल्या आईच्या सव्वीस डायऱ्या, एकेकीतून गुलाबी चिठ्ठ्या जिभा काढून बसलेल्या. शेजारी संमतीचा कागद. त्यावर थोरलीने सही केली की डायऱ्या छापून निघणार होत्या, बाईंच्या साठ पानी प्रस्तावनेसकट.

ती प्रस्तावना थोरलीने कालच वाचली होती. तिच्यातली आई घुसमटलेली होती, नवऱ्याचा तिरस्कार करत झिजून गेलेली. आता हे सगळं ब्याऐंशी वर्षांचे बाबा वाचणार आणि चार लोक त्यांच्याकडे बोट दाखवणार, म्हणून कालपासून थोरलीला घास गोड लागला नव्हता.

"मॅडम, आई टेलिफोन एक्सचेंजमध्ये होती," ती हळू आवाजात म्हणाली. "दिवसभर लोकांच्या शिव्या खायच्या आणि गोड बोलायचं. पुढे तिने घरीही तोच नेम धरला. कडू शब्द तोंडातून काढायचा नाही. आलाच तर डायरीत लिहायचा आणि कामाला लागायचं. राग नाही त्या दिवशी पान कोरं."

बाई हसल्या. नर्स इंजेक्शनआधी हसते तशा.

"ताई, घरच्यांना असंच वाटतं हो. पण आम्हाला पुरावा लागतो. कोरी पानं म्हणजे दडपलेला आवाज. तुम्ही नेमधर्मवाल्या, तुम्हाला नाही दिसायचं ते."

"वर्षातले तीनशे दिवस माणूस सुखात असला, तर त्याचा पुरावा कुठून आणायचा?"

बाईंनी ते ऐकलंच नाही. पदव्या वाढल्या की कान लहान होत असावेत.

"वाचा की एखादं पान," बाबा अचानक म्हणाले. "सगळ्यात कडू असेल ते."

"बाबा, राहू द्या."

"वाचू दे गं."

बाईंनी चष्मा सारखा केला आणि शोकसभेतल्या आवाजात सुरुवात केली. "'आज पुन्हा ओला टॉवेल गादीवर. ह्या ठोंब्याबरोबर जन्म कसा काढायचा? गेंड्याची कातडीसुद्धा ह्याच्यापेक्षा पातळ असेल.'" त्या थांबल्या. "इथे गेंडा म्हणजे अख्ख्या पुरुषजातीचं क्रौर्य."

"छे हो, गेंडा म्हणजे मी," बाबा म्हणाले. "पाठ आहे मला ते पान."

थोरली चमकली. "तुम्ही वाचायचात?"

"मग! दाढीच्या आरशाखाली उघडी करून ठेवायची ती. मी वाचायचो आणि टॉवेल वाळत घालायचो. तोंडाने बोलायचं नाही एवढाच तिचा नेम. मला कळू द्यायचं नाही, असं कुठे होतं?"

बाईंचे डोळे चकाकले. "म्हणजे त्यांच्या लेखनावर तुमची पाळत होती!" त्यांनी नवी चिठ्ठी ओढली, 'पाळत' लिहिलं आणि खाली दोनदा रेघ मारली.

थोरली त्या रेघांकडे बघत राहिली. ह्या बाईला भरला हंडा दाखवला तरी ती बुडाची काजळीच चाटणार. तिने कागद ओढला, 'नाही' असं ठसठशीत लिहून खाली सही केली आणि गुलाबी चिठ्ठ्या उपटून डायऱ्या पिशव्यांत भरायला लागली.

"अहो, असं काय करता? माझी बढती अडलीय ह्यावर!"

"मग दुसरी दुःखी बाई बघा, मॅडम. नाहीच मिळाली तर कोरी डायरी विकत घ्या. तुम्हाला काय, तीही वाचता येईल."

जिन्यात बाबांनी एक पिशवी हट्टाने स्वतःकडे घेतली आणि चौथ्या पायरीवर टेकले.

"जड आहेत गं."

"तुमचे गुन्हे आहेत ते, बाबा. जड असणारच."

"आणि हे नुसते सव्वीस वर्षांचे," बाबा अभिमानाने म्हणाले. "संसार एक्केचाळीस वर्षांचा. आधीची पंधरा वर्षं ती तोंडानेच बोलायची."