सोळाव्या सोमवारचा एक्झिट पोल

चांगुणाबाईंचा सोळावा सोमवार आणि समुद्रापारच्या कुठल्याशा देशातल्या सरकारवरचा अविश्वास ठराव नेमके एकाच संध्याकाळी आले.

बाईंच्या बाळीवेशीतल्या दोन खोल्यांत चुरमा तयार होता, महादेवाला बेल वाहून झाला होता. राहिली होती फक्त कहाणी. ती कुणाला तरी सांगावी लागते. ऐकणाऱ्यानं मुठीत अक्षता धरून हुंकार द्यायचा, त्याशिवाय बाईंचा उपास सुटत नसे. पंधरा सोमवार शेजारच्या गोजरबाईंनी हुंकार दिले, आणि आज नेमक्या त्या वैरागला लेकीकडे जाऊन बसल्या. घरात उरले बाईंचे यजमान रेवणप्पा. एसटीतून रिटायर झाल्यापासून जगातली सगळी सरकारं ते टीव्हीसमोर बसून चालवत.

"अवं, एवढ्या अक्षता धरा की."

"आण. पण टीव्ही बंद करणार न्हाय. तिकडं मतदान सुरू हाय."

बाईंनी कहाणी सुरू केली. महादेव-पार्वती देवळात आले.

"हूं... गेला! अर्थमंत्री फुटला!"

हा हुंकार महादेवाचा नव्हे, अर्थमंत्र्याचा. बाईंनी पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतली. दुसऱ्या खेपेला, पार्वतीचं नाव निघतं न निघतं तोच, रेवणप्पा "चोर लेकाचे!" म्हणून ओरडले. बाईंनी गाल थोपटून घेतले आणि देवाची माफी मागितली. पोटात सकाळपासून एक केळं न् कपभर दूध. कहाणी अर्धी राहिली तर मागचे पंधराही सोमवार पाण्यात.

त्यांनी देव्हाऱ्याकडे एकदा पाहिलं. मग आवाज जराही न चढवता म्हणाल्या, "महादेव-पार्वतीनं सारीपाट मांडला. पक्ष दोनच. लढत अटीतटीची."

"हूं."

"पार्वतीनं पुजाऱ्याला विचारलं, जिंकणार कोण? डाव संपायच्या आधीच त्यो म्हणाला, महादेव."

रेवणप्पांची मान वळली. "एक्झिट पोल?"

"व्हय. आन् जिंकली पार्वती."

"किती फरकानं?"

"ते कहाणीत न्हाय. पण तिनं पुजाऱ्याला शाप दिला. अंगभर कोड फुटलं."

"चौकशी न करता? ही हुकूमशाही झाली की!" रेवणप्पांनी रिमोट उचलून टीव्हीचा आवाज बंद केला. "आन् विरोधी पक्ष गप बसला?"

"विरोधी पक्ष म्हंजी महादेव. तिचाच नवरा. बसला गप."

"हूं," रेवणप्पा जरा विचार करून म्हणाले.

"मग वरनं अप्सरा आल्या. निरीक्षक म्हणा की. त्यांनी सोळा सोमवार सांगितले. पुजाऱ्यानं नेमानं केले, आन् त्यो बरा झाला."

"म्हंजी शिक्षा माफ. हूं."

कहाणी सुफळ झाली. रेवणप्पांच्या घामेजल्या मुठीतल्या अक्षता बाईंनी देवाला वाहिल्या. नावं तीच, फळ तेच, दोन-चार शब्द टीव्हीचे, एवढं पोटात घाल रे बाबा, असं हळूच सांगितलं आणि चुरम्याचा पहिला घास घेतला.

तेवढ्यात रेवणप्पांना टीव्ही आठवला. तिथं माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. सरकार एका मतानं पडलं होतं.

"अगं, पडलं की! कसं काय पडलं?"

"पडणारच की," चुरम्याची वाटी त्यांच्यापुढं सरकवत बाई म्हणाल्या. "धा मिनिटं तुमी तिकडचं सोडून हितं लक्ष दिलं न्हवं का?"

रेवणप्पांनी घास तोंडात टाकला.

"हूं."