संत्र्यावरचे दोन ठिपके

मुलांनो, डोळ्यांसमोर एक संत्रं आणा. चांगलं मोठं आणि गोल. आता त्यावर बॉलपेनने दोन ठिपके काढा. उजवीकडचा ठिपका म्हणजे दुबई, डावीकडे लांबवर दुसरा, तो टोरँटो. झाले काढून? मग संत्रं तसंच हातात धरून ठेवा, आपल्याला ते लागणार आहे.

ही गोष्ट शर्वाणीची. २०१० सालच्या एप्रिलमध्ये ती दहा वर्षांची होती आणि दुबईत, डिस्कव्हरी गार्डन्स नावाच्या वसाहतीत राहत होती. तिचे बाबा, प्रकाश, एका बांधकाम कंपनीत इंजिनियर होते. दीड वर्षापूर्वी जगभर मंदी आली, दुबईतल्या कितीतरी क्रेन होत्या तिथेच थांबल्या आणि बाबांची कंपनी बंद पडली. कॅनडात जाऊन राहण्यासाठी त्यांनी अर्ज केला होता, तो मात्र मंजूर झाला. त्या दिवशी शर्वाणीच्या आईने, विभावरीने, अख्ख्या मजल्याला पेढे वाटले.

अट एकच होती. वीस एप्रिल संपायच्या आत तिघांनी कॅनडात उतरायचं. नाही उतरलं तर परवानगी गेली. पुन्हा अर्ज, पुन्हा तपासण्या, पुन्हा दोन वर्षं वाट बघायची. आणि दुबईचा व्हिसा तर महिनाअखेरीस संपत होता.

तिकिटं सतरा तारखेची होती, लंडनमार्गे. पण त्याच आठवड्यात आइसलँडमध्ये एक ज्वालामुखी उसळला. त्याची राख आभाळात पसरली आणि युरोपातली विमानतळं एकामागून एक बंद झाली. यांचं विमानही रद्द झालं.

सतरा तारखेला, शनिवारी दुपारी चार वाजता तिघं रिकाम्या घरात सुटकेसवर बसली होती. सोफा, फ्रिज विकून झाले होते. शर्वाणीचं अभ्यासाचं टेबल, वरच्या पृथ्वीच्या गोलासकट, रुवैस गावाहून आलेलं एक कुटुंब घेऊन गेलं होतं. बाबा एका खोक्यावर मार्ग लिहीत होते आणि काट मारत होते.

"न्यूयॉर्कला उतरून पुढे बसने गेलो तर?" आईने विचारलं.

"अमेरिकेचा व्हिसा कुठाय आपल्याकडे?" एक काट पडली.

"आणि ते हाँगकाँगमार्गे?"

"सीट आहे, पण बावीस तारखेची." दुसरी काट.

"व्हॉट अबाउट अ शिप?" शर्वाणी म्हणाली. "फुजैराच्या बंदरात इतकी मोठी शिप्स असतात!"

"तेलाच्या जहाजातून? पोचू दिवाळीपर्यंत."

"मग फराळ इथूनच करून नेते," आई म्हणाली. तेवढंच हसू आलं.

इतक्यात बाबांचा मोबाइल वाजला. तिकीट काढून देणारे रफिकभाई होते. बाबांनी स्पीकर लावला.

"प्रकाशभाई, तीन सीट खाली हुई हैं! डायरेक्ट टोरँटो, राख से दूर, घूमके. मंगलवार, बीस तारीख, दोपहर बारह बजे. चौदह घंटे की फ्लाइट. पाँच बजे तक पकड़ के रखता हूँ, बोलो!"

बाबांनी बोटांवर मोजलं. बारा आणि चौदा, म्हणजे रात्रीचे दोन. त्यांचा चेहरा उतरला.

"नहीं रफिकभाई, तब तक इक्कीस तारीख लग जाएगी. खलास." आणि त्यांनी फोन ठेवून दिला. पलीकडून "अरे, सुनो तो" एवढंच ऐकू आलं.

बाबांना हसू नका हं. बारा वर्षं ते दुबईहून मुंबईला जात होते. संध्याकाळी विमानात बसायचं आणि उतरायचं ते पुढच्या तारखेला. दरवेळी तसंच. प्रवास म्हणजे तारीख पुढे जाणार, हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

शर्वाणी मात्र भुवया आकसून आपल्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होती.

"बट बाबा, काल आपण याच वेळी शालिनीआत्याला टोरँटोला फोन केला. शी वॉज हॅविंग ब्रेकफास्ट."

"मग? दर शुक्रवारी तसंच असतं. इथे आपल्याला सुट्टी आणि तिची ऑफिसची घाई."

"वेट." ती उठली. ओट्यावर तीन संत्री उरली होती, त्यातलं एक तिने आणलं. बाबांच्या हातातलं पेन काढून घेऊन त्यावर दोन ठिपके काढले. तुमच्या हातात आहे ना, तस्संच. मग ती बाल्कनीच्या दारात उभी राहिली. तिरपं ऊन आत येत होतं.

"तो सूर्य. ही दुबई, इथे चार वाजलेत, सूर्य खाली चाललाय. आणि हा आत्याचा ठिपका. तिथे सूर्य आत्ता कुठे वर येतोय. एट इन द मॉर्निंग."

"आठ तास मागे. माहितीये गं मला."

"मग मंगळवारी बारा वाजता निघालो आणि चौदा तासांनी उतरलो, तर तुमच्या घड्याळात दोन. पण आत्याच्या घड्याळात किती?"

बाबा दोनपासून उलटे मोजू लागले. एक, बारा, अकरा... सहावर येऊन थांबले.

"संध्याकाळचे सहा."

"अँड विच डेट?" शर्वाणीने अगदी बाईंसारखं विचारलं.

उत्तर आईने दिलं. "वीस! अहो, वीसच! बघत काय बसलाय, फोन लावा!"

फोन लागेना. त्या दिवशी अर्धी दुबई रफिकभाईंनाच फोन करत असावी. "यल्ला, चला," म्हणत बाबांनी गाडीची किल्ली उचलली. गाडी विकायची राहिली होती, ते बरंच झालं. ऑफिसच्या दारात पोचले तेव्हा पाचला सात मिनिटं कमी होती. शर्वाणीच्या हातात अजून संत्रं होतं.

रफिकभाईंनी कॉम्प्युटरचा पडदा यांच्याकडे फिरवला. टोरँटो, वीस एप्रिल, संध्याकाळचे सहा.

"यही तो बता रहा था, हबीबी! आपने फोन ही रख दिया."

"और सीट?" बाबांनी टेबलावर वाकून विचारलं.

"हैं. मेरी घड़ी में अभी पाँच नहीं बजे."

आई तिथल्या खुर्चीवर मटकन बसली. बाबांनी पासपोर्ट टेबलावर ठेवले. रफिकभाईंनी तिघांसाठी चहा मागवला. त्या चहात साखर फार होती, पण आई दोन कप प्यायली.

मंगळवारी विमान वेळेवर सुटलं. बाबा पहिल्या तासातच तोंड उघडं टाकून झोपले. कित्येक दिवसांत ते असे झोपले नव्हते. टोरँटोला उतरले तेव्हा मोठाल्या काचांतून पिवळं ऊन आत येत होतं. काउंटरवरच्या बाईंनी कागद तपासले, शिक्का मारला आणि "वेलकम" म्हणाल्या. आईने शिक्क्यावरची तारीख तीनदा वाचली. वीस.

सामान घेऊन बाहेर पडताना एका अधिकाऱ्याने विचारलं, बरोबर काही फळं, भाज्या?

"नो, नो," बाबा म्हणाले.

"येस," शर्वाणी म्हणाली. "वन ऑरेंज."

"अगं, ते अजून आहे तुझ्याकडे?" आईने कपाळाला हात लावला. अधिकारी हसला आणि त्याने बाजूच्या डब्याकडे बोट दाखवलं. फळ आत नेता येणार नव्हतं.

शर्वाणीने दप्तरातून संत्रं काढलं. एका ठिपक्यावर अंगठा ठेवून ते सावकाश फिरवत दुसऱ्या ठिपक्यापर्यंत नेलं आणि मग डब्यात टाकलं. तिच्या घड्याळात पावणेतीन वाजले होते. तिने ते मनगटावरून काढलं, किल्ली ओढली आणि मागे उभ्या असलेल्या रांगेची पर्वा न करता मोठ्याने मोजत, एकेक करून, काटे आठ तास मागे फिरवले.