राणीछाप रुपयाचा डोळा

देवाशप्पथ सांगते, अक्षर न् अक्षर खरं आहे! ज्याला पटत नसेल त्यानं पेणला जावं आणि गणपतीच्या कुठल्याही कारखान्यात विचारावं, काशीबाईचा हात कसा होता ते. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करावी तर तिनंच. एकदा तिनं उंदराला डोळे काढले, तर रंग वाळायच्या आत उंदीर समोरचा मोदक उचलून पसार. गिऱ्हाइकानं बिनउंदराचा गणपती नेला.

तर अशा बाईकडे रोह्याचे खलीलभाई एक राणीछाप रुपया घेऊन आले. कुवेतला नोकरी करून परतलेला माणूस, जुन्या नाण्यांचा भारी नाद. शाळेतल्या पोरांना हा रुपया दाखवायचा होता, पण शंभर हात अस्सल नाण्याला लागू नयेत म्हणून त्यांना प्लास्टरच्या नकला हव्या होत्या. जाताना दोनदा बजावलं, ठसा तेवढा घे, नाणं पुसू पण नको. काशीबाई व्हय म्हणाली.

तिनं शाडूत ठसा घेतला, बारा नकला ओतल्या. बाराही राण्या आंधळ्या निघाल्या, कारण मूळ रुपयावरच राणीचा चेहरा झिजून सपाट झालेला. आता आखणीशिवाय काशीबाईच्या हातून आजवर काही बाहेर गेलं नव्हतं. तिनं ब्रश घेतला आणि बाराही जणींना डोळा दिला. मग तिला वाटलं, नकला बघणार आणि खरी राणी तेवढी आंधळी? बरं दिसतं का हे? हाताशी टोकदार सुई होती. एक बाक वर, एक बाक खाली, मधे बुबुळ.

राणीनं डोळा उघडला आणि थेट काशीबाईकडेच बघायला लागली. तेव्हा हिला आठवलं, आपण व्हय म्हणालो होतो. बरं, डोळा तरी कसला, लांबट, कमळाच्या पाकळीसारखा. विलायतेच्या राणीला गणपतीचा डोळा! तिनं बोटानं चोळून बघितलं. चांदीवरचा ओरखडा, तो कुठला जातोय.

रुपया पुडीत, पुडी रुमालात, रुमाल कमरेला. तरी रोह्याच्या यष्टीत राणी नागोठण्यापर्यंत कापडातनं बघतच होती. शेजारच्या बाईनं उगाच दोनदा पदर सावरला.

खलीलभाईंना नकला फार आवडल्या. रुपयाची पुडी त्यांनी उघडलीसुद्धा नाही, तशीच बाजूला ठेवली. म्हणजे सुटलीच म्हणायची ही. त्यांच्या सुनेनं, इशरतनं, आग्रहानं दिलेला चहा तिनं घेतला आणि निघाली. गल्लीच्या टोकाशी मात्र तिच्या मनानं तिचा पाय धरला. ती मागे फिरली.

"खलीलभाय, मी राणीला डोळा काढला," ती दारातनंच म्हणाली.

त्यांनी पुडी उघडली. बघितलं नाही, नुसता अंगठा फिरवला. बराच वेळ.

"माझा बाप बोटीवर होता," ते म्हणाले. "त्याचं पत्र येईस्तवर आई हा रुपया मुठीत धरून अंगठ्यानं घोळवत बसायची. तिनं झिजवलेला हाय गो हा डोळा."

काशीबाईनं रुपयासाठी हात पुढे केला. "घासून सपाट करून देते. कोणाला कळायचं नाय."

"मग ते तू घासलेलं. आईनं झिजवलेलं नाय."

त्यांनी पेन मागवलं आणि पुडीवर लिहायला घेतलं: डोळा नवा, काढणारी काशीबाई, पेण. खाली तारीख.

"नाव नको ओ," ती म्हणाली.

"उद्या हा कोणाच्या हातात जाईल, ठाऊक नाय. त्याला खरं कळाया नको?"

रागावून बोलले असते तर तिनं सोसलं असतं. ते अगदी नीट, वळणदार अक्षरात लिहीत होते. तिनं जन्मभर हजारो डोळे काढले. सगळे भाद्रपदात पाण्यात विरले, एकावरही तिचं नाव नव्हतं. नाव राहिलं ते ह्या एका पुडीवर.

बरं, एक गोष्ट माझ्या पदरची आहे, ती कबूल करते. मनानं पाय वगैरे काही धरला नव्हता. तिची छत्री राहिली होती तिथं. ती छत्री न्यायला परतली, तेव्हा पुडी उघडलेली होती आणि खलीलभाईंचा अंगठा रुपयावर थांबला होता.